रक्तदानानंतरचा अँटिबॉडी रिपोर्ट कसा वाचायचा

रक्तदान करून काही दिवस होतात आणि रक्तपेढीतून फोन येतो, ‘तुमच्या एका चाचणीबद्दल बोलायचं आहे, येऊन जाल का?’ काहींच्या हातात थेट रिपोर्टच पडतो आणि त्यातल्या एका ओळीपुढे ‘रिॲक्टिव्ह’ असं छापलेलं असतं. असा कागद आयुष्यात पहिल्यांदाच पाहणारा माणूस तिथेच सगळं संपलं असं समजतो. दुसऱ्या टोकाला, ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ वाचून आपल्याला कसलाच आजार नाही अशी खूणगाठ बांधणारेही असतात. दोन्ही समज चुकीचे आहेत. रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचायचा आणि पुढे काय करायचं, ते खाली दिलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. ही चाचणी तुमच्या निदानासाठी केलेली नसते. तुमचं रक्त ज्याला चढवलं जाणार आहे, त्या रुग्णासाठी ती केलेली असते. मार्च १९८५ मध्ये एचआयव्हीची पहिली प्रतिपिंड चाचणी अमेरिकेत मंजूर झाली, तीसुद्धा मुळात दान केलेलं रक्त तपासण्यासाठीच. रुग्णाला धोका नको म्हणून अशा चाचणीची मर्यादा मुद्दाम कडक ठेवतात. थोडी जरी शंका आली तरी ती पिशवी बाजूला काढली जाते. चांगलं रक्त वाया गेलं तरी चालेल, पण दूषित रक्त कुणाच्या शरीरात जाता कामा नये, हा त्यामागचा विचार. मला हा नियम अगदी योग्य वाटतो. पण त्यामुळेच पहिल्या चाचणीतलं ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे ‘तुम्हाला आजार आहे’ असं नव्हे.

पहिली पायरी: कागद वरपासून वाचा

नजर आधी ‘रिॲक्टिव्ह’वरच जाते, पण सुरुवात वरच्या कोपऱ्यातून करा. नाव, वय, रक्तदानाचा क्रमांक आणि नमुना घेतल्याची तारीख तुमचीच आहे ना, ते बघा. मग प्रत्येक चाचणीचं पूर्ण नाव, ती कोणत्या पद्धतीने केली (एलायझा, क्लिया, रॅपिड, नॅट) आणि निकालाबरोबर आकडा दिला आहे का, ते बघा. आकडा आणि पद्धत नसेल तर मागून घ्या. फोनवर ऐकलेल्या एका शब्दावरून कोणताच निष्कर्ष काढू नका.

दुसरी पायरी: नेमकं काय शोधलं होतं?

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो. एकाच कागदावर तीन वेगवेगळ्या प्रकारच्या चाचण्या असतात आणि आपण सगळ्यांनाच ‘अँटिबॉडी टेस्ट’ म्हणून मोकळे होतो.

प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, आपलं शरीर तयार करतं. एखाद्या जंतूशी किंवा लशीशी गाठ पडली की आधी आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं वाढतात, मग आयजीजी प्रकारची. आयजीजी बरीच वर्षं टिकू शकतात. म्हणून प्रतिपिंड सापडणं हा ‘कधीतरी गाठ पडली होती’ याचा पुरावा असतो. जंतू आज शरीरात आहे की नाही, हे त्यावरून प्रत्येक वेळी कळत नाही. चाचणीच्या नावात ‘अँटी’ असेल, जसं अँटी-एचसीव्ही (कावीळ ‘क’साठी) किंवा अँटी-एचबीसी (कावीळ ‘ब’साठी), तर ती प्रतिपिंडाची चाचणी.

अँटिजेन म्हणजे जंतूचाच एक भाग. एचबीएसएजी ही अँटिजेनची चाचणी आहे. ती खरोखर पॉझिटिव्ह असेल तर कावीळ ‘ब’चा विषाणू आत्ता शरीरात आहे. एचआयव्हीच्या चौथ्या पिढीच्या चाचण्या पी२४ हा अँटिजेन आणि प्रतिपिंडं दोन्ही एकदम शोधतात.

तिसरी नॅट. ही विषाणूचं जनुकीय द्रव्य, म्हणजे त्याचा आरएनए किंवा डीएनए, थेट शोधते. आजचा संसर्ग आहे का आणि तो अगदी ताजा आहे का, हे सांगण्यात तिचा हात कुणी धरत नाही.

पेन घेऊन प्रत्येक ओळीपुढे यांपैकी काय आहे ते लिहा. पाच मिनिटांच्या या कामाने निम्मा घोळ मिटतो.

तिसरी पायरी: आकड्याचा अर्थ

एलायझा आणि क्लियाच्या रिपोर्टमध्ये बहुधा एस/सीओ नावाचं गुणोत्तर असतं, काही ठिकाणी त्याला सीओआय म्हणतात. नमुन्यातून मिळालेला सिग्नल भागिले यंत्राची ठरलेली मर्यादा, इतकंच ते आहे. बऱ्याच चाचण्यांत १ किंवा त्याहून जास्त म्हणजे रिॲक्टिव्ह, १ च्या खाली म्हणजे नॉन-रिॲक्टिव्ह. काही प्रयोगशाळा १ च्या आसपासच्या आकड्यांना ‘ग्रे झोन’ म्हणतात आणि चाचणी पुन्हा करतात.

१.२ आणि ४० हे दोन्ही रिॲक्टिव्हच, पण त्यांचं वजन सारखं नाही. मर्यादा जेमतेम ओलांडणारा आकडा खोटा निघण्याची शक्यता बरीच असते आणि खूप मोठा आकडा खरा निघण्याची शक्यता जास्त असते. तरी आकडा लहान म्हणून सोडून देऊ नका, कारण संसर्ग अगदी नवा असतानाही आकडा लहानच असू शकतो. शिवाय एका किटवरचा आकडा दुसऱ्या किटवरच्या आकड्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. अँटी-एचबीसीच्या काही किटमध्ये तर हिशोब उलटा असतो, तिथे आकडा मर्यादेखाली गेला तर रिॲक्टिव्ह. म्हणून रिपोर्टवर छापलेली मर्यादा वाचल्याशिवाय आकड्याबद्दल मत बनवू नका.

सिफिलिसच्या व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणीत टायटर असतो, १:८ किंवा १:३२ असा. रक्त किती पट पातळ केल्यावरही प्रतिक्रिया दिसली, ते त्यातून कळतं. दुसरा अंक मोठा, तर टायटर जास्त.

चौथी पायरी: ही चाळणी होती की खात्रीची चाचणी?

माझ्या मते सगळ्या रिपोर्टमधला सर्वात महत्त्वाचा प्रश्न हा आहे, त्यामुळे इथे थोडा वेळ द्या.

साधारण पद्धत अशी असते. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली की तोच नमुना पुन्हा, बहुधा दोनदा, तपासतात. तेव्हाही रिॲक्टिव्ह आला तर त्याला ‘रिपीट रिॲक्टिव्ह’ म्हणतात. इथवर सगळी चाळणीच चाललेली असते. त्यानंतर वेगळ्या तत्त्वावरची खात्रीची चाचणी होते. एचसीव्हीसाठी आरएनए, एचआयव्हीसाठी वेगळ्या किटवरच्या चाचण्या आणि गरज पडली तर नॅट, एचबीएसएजीसाठी न्यूट्रलायझेशन, सिफिलिससाठी दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंड चाचणी. खात्रीची चाचणी झालेली नसेल तर तुमच्याकडे अजून उत्तर आलेलं नाही.

चाचणी इतकी चांगली असूनही चुकते कशी, हे एका काल्पनिक हिशोबाने बघू. समजा १०,००० जणांनी रक्त दिलं आणि त्यांतल्या फक्त ५ जणांना खरा संसर्ग आहे. चाचणीची विशिष्टता ९९.८ टक्के आहे, म्हणजे १,००० निरोगी माणसांमागे २ जण चुकून रिॲक्टिव्ह येतात. ते ५ जण सापडतीलच. पण उरलेल्या ९,९९५ निरोगी दात्यांपैकी सुमारे २० जणही रिॲक्टिव्ह येतील. एकूण २५ जणांना फोन जाईल आणि त्यांतल्या २० जणांना आजार नसेल. चाचणी तीच राहते. आजार जितका विरळ, तितकं खोट्या रिॲक्टिव्हचं प्रमाण जास्त. रक्तदाते आधीच प्रश्नावलीतून निवडलेले, धोका कमी असलेले लोक असतात, म्हणून त्यांच्यात हे फार दिसतं. खरे आकडे चाचणीनुसार, जागेनुसार बदलतात आणि रिपीट रिॲक्टिव्ह किंवा मोठा आकडा आला की पारडं फिरतं, हेही ध्यानात असू द्या.

खोट्या रिॲक्टिव्हची नेमकी कारणं कित्येकदा सापडत नाहीत. काही मात्र ठाऊक आहेत: नुकतीच घेतलेली लस, गरोदरपण, ल्युपससारखे स्वयंप्रतिकार आजार, दुसरा एखादा संसर्ग. बाहेरून मिळालेली प्रतिपिंडं हे आणखी एक कारण. ज्यांना इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन मिळालेलं असतं, त्यांच्या रक्तात दुसऱ्यांची प्रतिपिंडं काही काळ फिरत असतात. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या डोसमुळेही काही यंत्रांचे निकाल बिघडतात. यातलं काही लागू होत असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगून टाका.

पाचवी पायरी: आजारानुसार ओळ वाचा

दान केलेलं सगळं रक्त एचआयव्ही, कावीळ ‘ब’, कावीळ ‘क’ आणि सिफिलिस या चारांसाठी तपासावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. काही ठिकाणी मलेरिया, एचटीएलव्ही किंवा चागास रोगाची भर पडते.

*अँटी-एचसीव्ही (कावीळ ‘क’).* रिॲक्टिव्ह निकालाचे तीन अर्थ निघू शकतात: आत्ता संसर्ग आहे, पूर्वी होऊन गेला आहे, किंवा निकालच खोटा आहे. संसर्ग झालेल्या सुमारे चौघांपैकी एकाचं शरीर उपचाराविना हा विषाणू घालवतं, पण प्रतिपिंडं मागे राहतात. औषधाने बरं झाल्यावरही ती राहतातच. म्हणून इथे आरएनए चाचणीला पर्याय नाही. आरएनए सापडला नाही तर बहुधा आजचा संसर्ग नाही. सापडला तर उपचार हवेत. हे उपचार आता गोळ्यांचे आहेत, साधारण ८ ते १२ आठवड्यांचे, आणि ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, तोवर त्याच्यासाठी चाचणीसुद्धा नव्हती. इतक्या थोड्या काळात इतका पल्ला गाठलेला दुसरा आजार मला तरी पटकन आठवत नाही.

*कावीळ ‘ब’.* इथे तीन ओळी एकत्र वाचायच्या. एचबीएसएजी नॉन-रिॲक्टिव्ह, अँटी-एचबीसीही नॉन-रिॲक्टिव्ह आणि फक्त अँटी-एचबीएस (एचबीएसएजीविरुद्धचं प्रतिपिंड) आहे, तर हे लशीचं काम. त्याची पातळी १० किंवा त्याहून जास्त मिलि-आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिलिलिटर असेल तर संरक्षण आहे असं मानतात. अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस दोन्ही आहेत, एचबीएसएजी नाही, तर संसर्ग पूर्वी होऊन बरा झालेला. लशीमुळे अँटी-एचबीसी कधीच तयार होत नाही, त्यामुळे ‘मी लस घेतली होती’ हे त्या ओळीचं स्पष्टीकरण होऊ शकत नाही. एकटी अँटी-एचबीसीच रिॲक्टिव्ह असेल तर अर्थ अनेक निघतात आणि डीएनए चाचणीसाठी डॉक्टरांकडे जावं लागतं. एचबीएसएजी खात्रीने पॉझिटिव्ह असेल तर यकृताच्या तज्ज्ञांना गाठा. ते सहा महिन्यांहून जास्त टिकलं तर संसर्ग दीर्घकालीन समजतात. एक अपवाद आहे. लशीतच हा अँटिजेन असल्यामुळे लस घेतल्यावर काही दिवस, क्वचित दोन-अडीच आठवडे, एचबीएसएजी चुकीने पॉझिटिव्ह दिसू शकतं. रक्तदानाआधी नुकतीच लस घेतली असेल तर तारीख सांगा.

*सिफिलिस.* चाचण्यांचे दोन गट आहेत. व्हीडीआरएल आणि आरपीआर या जंतूला थेट ओळखत नाहीत, म्हणून गरोदरपणात, ल्युपसमध्ये किंवा मलेरियासारख्या तापात त्या खोट्या रिॲक्टिव्ह येऊ शकतात. टीपीएचएसारख्या चाचण्या त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधतात आणि एकदा आजार झाला की उपचारानंतरही बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्ह राहतात. म्हणून पूर्वी पूर्ण उपचार झालेल्याने टीपीएचए पाहून घाबरू नये. उपचाराचा कागद आणि आताचा टायटर घेऊन डॉक्टरांना दाखवावा. टायटर १:३२ वरून १:८ वर आला तर ती चौपट घट धरतात आणि ती उपचार लागू पडल्याची खूण असते. हा आजार पेनिसिलिनने बरा होतो. संकोचापायी उपचार लांबवणं हेच यातलं मोठं नुकसान.

*एचआयव्ही.* खात्रीची चाचणी झाल्याशिवाय निदान म्हणायचंच नाही. खात्री झालीच तर उपचार लगेच सुरू होतात, आणि नियमित औषध घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. हे आता सिद्ध झालेलं आहे आणि घाबरलेल्या माणसाला हे आधी कळायला हवं.

*सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस).* याची प्रतिपिंडं जगातल्या निम्म्याहून जास्त प्रौढांमध्ये असतात. तुमच्यासाठी या ओळीला काही अर्थ नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना कोणतं रक्त द्यायचं, हे ठरवायला ती वापरतात.

तांबड्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं: ही वेगळीच गोष्ट

काही दात्यांना कळवलं जातं, ‘तुमच्या रक्तात अँटी-डी सापडलं’ किंवा ‘अँटी-के आहे’. म्हणजे तांबड्या पेशींवरच्या ‘डी’ किंवा ‘के’ नावाच्या घटकाविरुद्धचं प्रतिपिंड. हा संसर्ग नाही आणि कुणाला लागतही नाही. ए गटाच्या माणसात बी विरुद्धची, ओ गटाच्या माणसात दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडं जन्मानंतर आपोआप तयार होतात. ती अपेक्षितच आहेत. त्यांच्याखेरीज जी सापडतात ती अनपेक्षित प्रतिपिंडं. ती बहुधा गरोदरपणात बाळाच्या पेशींमुळे किंवा पूर्वी चढवलेल्या रक्तामुळे तयार होतात. तुमच्या स्वतःच्या पेशींवर तो घटक नसतो, म्हणून तुम्हाला त्रास होत नाही.

मग हे जपायचं कशासाठी? पुढे कधी तुम्हालाच रक्त लागलं, तर तो घटक नसलेलं रक्त शोधावं लागेल. आणि मूल हवं असेल, तर ही आयजीजी प्रतिपिंडं वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाच्या पेशींवर हल्ला करू शकतात, म्हणून प्रसूतितज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं. यातला धोक्याचा भाग वेगळाच आहे. काही वर्षांत ही प्रतिपिंडं इतकी कमी होतात की चाचणीत दिसतही नाहीत, आणि चुकीचं रक्त चढलं की काही दिवसांत उसळून येतात. तेव्हा उपयोगी पडते ती लेखी नोंद. प्रतिपिंडाचं नाव लिहिलेलं कार्ड रक्तपेढीकडून मागून घ्या, पाकिटात ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा. गरोदरपणात अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं असेल तर पुढचे काही आठवडे-महिने तेच चाचणीत दिसतं, म्हणून त्या इंजेक्शनची तारीख कळवा.

गरोदर राहून गेलेल्या स्त्रियांमध्ये एचएलए प्रतिपिंडंही (दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशींवरच्या खुणांविरुद्धची) सापडतात. तीही आजार नव्हेत. मात्र प्लाझ्मातून ती रुग्णाच्या फुफ्फुसांना इजा करू शकतात, म्हणून अशा दात्यांचा प्लाझ्मा किंवा प्लेटलेट घेणं टाळतात. नकार मिळाला म्हणून मनाला लावून घेऊ नका.

कोविडची प्रतिपिंडं

काही रक्तपेढ्यांनी साथीच्या काळात दात्यांना ही चाचणी करून दिली. जुना रिपोर्ट जवळ असेल तर त्यात ‘एस’ लिहिलंय की ‘एन’ ते पाहा. एस म्हणजे स्पाइक, विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन; एन म्हणजे न्यूक्लिओकॅप्सिड, त्याच्या आतलं प्रथिन. एस प्रतिपिंडं बहुतेक सर्व लशींमुळेही तयार होतात आणि संसर्गामुळेही. एन प्रतिपिंडं संसर्गातून येतात, आणि पूर्ण निष्क्रिय विषाणूची लस घेतलेल्यांमध्येही आढळू शकतात. एनची पातळी लवकर उतरते, म्हणून एन नाही याचा अर्थ कोविड कधीच झाला नव्हता असा होत नाही. मोठा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. लशीनंतर आपण किती सुरक्षित आहोत हे ठरवायला ही चाचणी वापरू नये, असं अमेरिकेच्या औषध नियामकांनी मे २०२१ मध्येच सांगितलं होतं.

नॉन-रिॲक्टिव्ह म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

संसर्ग झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत मधला काळ जातो, त्याला विंडो पीरियड म्हणतात. एचआयव्हीसाठी नॅटला साधारण १० ते ३३ दिवस, प्रयोगशाळेतल्या चौथ्या पिढीच्या चाचणीला १८ ते ४५ दिवस आणि फक्त प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीला २३ ते ९० दिवस लागतात. एचसीव्हीची प्रतिपिंडं यायला बहुधा ८ ते ११ आठवडे जातात. या काळात दिलेलं रक्त चाचणीतून सुटू शकतं आणि थेट रुग्णापर्यंत पोचू शकतं. म्हणून फुकट तपासणी होईल या विचाराने रक्तदान कधीही करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. धोका घडला असेल तर तपासणी केंद्रात जा. एचआयव्हीचा धोका गेल्या ७२ तासांतला असेल तर आजच डॉक्टरांना गाठा, कारण त्या मुदतीत सुरू केलेली औषधं संसर्ग टाळू शकतात. जितक्या लवकर, तितकं बरं.

आता पुढे काय करायचं

रक्तपेढीत स्वतः जा आणि समुपदेशकाला चार गोष्टी विचारा. हा निकाल चाळणीचा आहे की खात्रीचा? तोच नमुना पुन्हा तपासला का? नॅट किंवा आरएनए झाली का? आणि नवा नमुना घेणार का? नव्या नमुन्याचा आग्रह धरा, त्याने नमुन्यांची अदलाबदल झाल्याची शंकाही मिटते. निकाल लेखी घ्या.

खात्री होईपर्यंत कंडोम वापरा, वस्तरा, दाढीचं ब्लेड, टूथब्रश, सुई कुणाबरोबर वापरू नका. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एकच संडास वापरल्याने यातला एकही आजार पसरत नाही. कावीळ ‘ब’ची खात्री झाली तर जोडीदाराची आणि घरातल्यांची तपासणी व लसीकरण करून घ्या. मनाने औषध सुरू करू नका, आणि काविळीची शंका असेल तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत दारू बंद ठेवा. रिपोर्टचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. ही माहिती गोपनीय आहे, ती कुणाला सांगायची हे तुम्ही ठरवायचं.

दुसऱ्या रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन बघण्याचा मोह होतो, तो आवरा. निकाल खोटा रिॲक्टिव्ह ठरला तरी त्याच किटवर तुमचं रक्त पुन्हा तसंच दिसू शकतं आणि पिशवी पुन्हा फेकली जाते. पुन्हा दाता होता येईल का, किती महिन्यांनी आणि कोणत्या चाचण्यांनंतर, हे त्या रक्तपेढीलाच विचारा. काही ठिकाणी तशी सोय असते. खात्रीने संसर्ग निघाला तर मागच्या रक्तदानांच्या तारखा आठवून सांगा, म्हणजे ते रक्त मिळालेल्या रुग्णांना शोधून तपासता येईल.

आणि रक्त देऊन घरी आल्यावर एखादी धोक्याची गोष्ट आठवली, किंवा पुढच्या काही दिवसांत ताप, पुरळ, कावीळ असं काही झालं, तर चाचण्यांच्या निकालाची वाट न बघता रक्तपेढीला फोन करून रक्तदानाचा क्रमांक सांगा. पिशवी अजून वापरली गेली नसेल तर ती तिथल्या तिथे बाजूला काढता येते.